इतिहासमंडळें आणि त्यांचे श्रोते

इतिहासाच्या नांवानें भरणाऱ्या सभांस हल्लीं श्रोत्यांची वाण नाहीं. शिवजयंतीच्या आगेंमागें किंवा दिवाळीच्या सुटींत कोणत्याही बऱ्याशा शहरीं जावें, तों व्याख्यानांचे फलक चौकाचौकांत लागलेले दिसतात. किल्ल्यांच्या सहली, जुन्या वाड्यांतून हिंडविणाऱ्या वारसा-फेऱ्या, नाण्यांचीं व शस्त्रांचीं प्रदर्शनें, मोडीचे वर्ग, असा एकंदर थाट असतो. आणि यांतील पुष्कळसे कार्यक्रम स्थानिक इतिहासमंडळें स्वतः करितात किंवा त्यांच्या आश्रयानें होतात. नाटकावर, कादंबरीवर, काव्यावर आपल्या मासिकांतून टीका होते. या कार्यक्रमांवर मात्र कोणी लेखणी उचलीत नाहीं. वृत्तपत्रांत अध्यक्षांचें नांव आणि 'श्रोत्यांनीं मोठी गर्दी केली होती' एवढें छापून आलें कीं काम संपलें. वास्तविक पाहतां सुशिक्षित कुटुंबांना इतिहास म्हणून जें कांहीं मिळतें, तें पुस्तकांपेक्षां याच वाटेनें अधिक मिळत असावें. तेव्हां ही वाट कशी आहे, तिच्यावर खडे किती आणि सांवली किती, हें पाहणें टीकाकाराच्या कक्षेबाहेरचें आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

माप म्हणून आम्ही पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ घेतों. कारण महाराष्ट्रांतील बहुतेक मंडळांनीं कळत नकळत त्याचाच कित्ता गिरविला आहे. हें मंडळ १९१० सालीं निघालें. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे हे त्याचे संस्थापक. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड राजवाड्यांनीं १८९८ सालींच काढला होता, आणि पुढें ती माला बावीस खंडांपर्यंत गेली. त्यासाठीं हा मनुष्य गांवोगांव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरून आणि अडगळींतून दप्तरें उपशीत हिंडला. मंडळाच्या सभा पंधरवड्यास भरत. कोणा एकानें कागद आणावा, तो वाचून दाखवावा, त्यावर आपलें टिपण मांडावें आणि जमलेल्या मंडळींनीं त्यावर तुटून पडावें, अशी त्या सभांची रीति. पुढें तीं टिपणें वार्षिक इतिवृत्तांत आणि त्रैमासिकांत छापून येत. जीं नांवें आज आपण आदरानें घेतों, तीं दत्तो वामन पोतदार, दत्तात्रेय विष्णु आपटे, गणेश हरि खरे, वासुदेव सीताराम बेंद्रे यांचीं नांवें, याच वातावरणांत वाढलीं.

अशा सभेंतून काय निपजूं शकतें याचें एकच उदाहरण पुरे आहे. शिवाजीमहाराजांचा जन्म १६२७ सालीं झाला असें बखरींच्या आधारानें फार दिवस धरलें जात असे. भोराजवळील कारीच्या जेधे देशमुखांच्या घरीं एक शकावली होती. ती लोकमान्य टिळकांच्या हातीं आली आणि १९१६ सालीं मंडळाच्या द्वारें प्रसिद्ध झाली. तींत जन्मतिथि शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी निघाली. म्हणजे ज्यूलियन गणनेनें १९ फेब्रुवारी १६३०. मग वाद पेटला. एका शकावलीवर विश्वास किती ठेवावा, ती लिहिली केव्हां, नक्कल कोणाची, असे प्रश्न निघाले. पुढें तंजावरास सांपडलेलें परमानंदाचें 'शिवभारत' १९२७ सालीं सदाशिव महादेव दिवेकरांनीं संपादून मंडळातर्फे प्रसिद्ध केलें, त्यांतही तीच तिथि. राजस्थानांत मिळालेली जन्मकुंडली तिलाच दुजोरा देणारी. इतकें होऊनही वाद मिटण्यास शतकाचा बहुतेक काळ लोटला, आणि महाराष्ट्र सरकारनें १९ फेब्रुवारी ही तारीख २००१ सालीं मान्य केली. कोणी आजही तिथीनेंच उत्सव करितात, तो भाग निराळा.

आतां वाचकांनीं आपल्या मनास विचारावें: आजवर जयंतीचीं जीं व्याख्यानें ऐकलीं, त्यांपैकीं कितींत ही हकीकत सांगितली गेली? पराक्रम सांगितला जातो, अफझलखान सांगितला जातो, आग्रा तर हटकून सांगितलें जातें. आणि तें सांगूं नये असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. परंतु ज्या दिवशीं आपण जमलों तो हाच दिवस कां, हें ठरविण्यासाठीं कोणाच्या घरची वही बाहेर यावी लागली आणि किती माणसें किती वर्षें भांडलीं, ही कथा आमच्या मतें त्या प्रसंगांइतकीच रोमहर्षक आहे. ती सांगणारा वक्ता आम्हांस क्वचित् भेटला. इतिहास कळणें आणि इतिहास कसा कळतो हें कळणें, या दोहोंपैकीं दुसरी गोष्ट इतिहासमंडळानें नाहीं सांगितली तर ती सांगणार कोण? पहिली सांगण्यास नाटकें आहेत, चित्रपट आहेत, कादंबऱ्या आहेत, आणि त्या मंडळांपेक्षां पुष्कळ चांगलें सांगतात.

इतिहासाची चर्चा लोकांपुढें करणें ही इंग्रजी विद्येबरोबर आलेली रीत आहे, असें कोणी म्हणतात. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ति रानड्यांनीं १८७५ सालीं सुरू केली, तीच या प्रकाराची आई, असा हा पक्ष. व्याख्यानापुरतें तें खरें असेल. पण आपल्याकडे वतनाचा तंटा पडला म्हणजे गोतसभा बसे, ती काय होती? वादी आणि प्रतिवादी आपापला करीना लिहून आणीत. म्हणजे वतन आपल्या घराण्याकडे कसें आलें, मधल्या दुष्काळांत कोण परागंदा झालें, मागें कोणीं तें बळकाविलें, कोण केव्हां परतलें, याची साद्यंत हकीकत. ती सर्वांदेखत वाचली जाई. कागद असेल तर कागद पुढें ठेवावा, नसेल तर गांवच्या म्हाताऱ्यांनीं साक्ष द्यावी, आणि प्रतिपक्षानें तेथल्या तेथें ती खोडून काढावी. शेवटीं जो महजर होई त्यावर पाटलाचा नांगर उमटे, आणि बलुतेदार आपापल्या धंद्याच्या हत्याराची निशाणी करीत. ज्यांस अक्षर येत नव्हतें त्यांचीही त्या इतिहासावर सही होती. गोतसभेचे निकाल नेहमीं न्यायाचेच होत असें आम्ही म्हणत नाहीं. पुरावा खुंटला म्हणजे दिव्य करावें लागे, आणि बळिवंताचें पारडें तेव्हांही जडच असे. तथापि श्रोत्यास बोलण्याचा हक्क होता. आजच्या सभागृहांतील पांढरपेशा श्रोत्यास तेवढाही नाहीं. त्यानें टाळ्या वाजवाव्या, आभारप्रदर्शन ऐकावें आणि चपला शोधाव्या. 'वेळेअभावीं प्रश्नोत्तरें घेतां येत नाहींत' हें वाक्य ज्या कार्यक्रमाच्या शेवटीं ऐकूं येतें, त्यांत अध्यक्षांच्या समारोपास चाळीस मिनिटें मिळालेलीं असतात, हें आम्ही घड्याळ लावून पाहिलें आहे.

वक्तृत्वाचा मोह हा येथला जुना दोष आहे. महामहोपाध्याय पोतदार यांच्यासारखा बहुश्रुत आणि रसाळ बोलणारा पुरुष मंडळाला लाभला. त्यांनीं सभा गाजविल्या, संस्था चालविल्या, पुष्कळांना संशोधनाची गोडी लावली. परंतु ज्या शिवचरित्राची महाराष्ट्रानें त्यांच्याकडून वर्षानुवर्षें वाट पाहिली, तें त्यांच्या हातून पुरें झालें नाहीं, आणि १९७९ सालीं ते गेले. यांत त्यांची अवहेलना करण्याचा आमचा हेतु नाहीं. बोललेलें वाऱ्यावर जातें, एवढेंच सांगावयाचें. उलट राजवाडे पाहा. स्वभावानें तिखट, कोणाशीं फार दिवस न जुळणारा. ज्या मंडळाचा पाया घातला त्याच्याशींही त्यांचें फाटलें, आणि १९२६ च्या अखेरीस धुळ्यास त्यांचा अंत झाला. पण जें लिहिलें तें मराठींत लिहिलें, आणि कागद मागें ठेवला. धुळ्याचें राजवाडे संशोधन मंडळ त्यांच्याच संग्रहावर उभें राहिलें. त्यांचीं अनुमानें पुष्कळ ठिकाणीं आज टिकत नाहींत. जातीविषयीं त्यांचे ग्रह तर सरळ चुकीचे होते. तरी तीं चुकीचीं आहेत हें दाखवितां येतें, कारण तीं लिहिलेलीं आहेत आणि पुराव्यासकट आहेत. व्याख्यानांतील चूक कोणी कशी दाखवावी?

फेऱ्यांविषयीं थोडक्यांत लिहितों. पायांनीं इतिहास पाहणें चांगलें, आणि मुलांस तर तें फारच चांगलें. शनिवारवाड्याच्या फेरींत मात्र आम्ही जेव्हां जेव्हां सामील झालों, तेव्हां तेव्हां नारायणरावाच्या किंकाळीपाशीं फेरी जी थांबली ती पुढें हललीच नाहीं. ३० ऑगस्ट १७७३ चा तो खून हा इतिहास आहे. पौर्णिमेच्या रात्रीं ऐकूं येणारी हांक हा इतिहास नव्हे. आणि 'ध चा मा' केलेली चिठ्ठी कोणी पाहिली, हें विचारणारा त्या घोळक्यांत आम्हांस आढळला नाहीं. १८२८ च्या आगींत आंतला वाडा जळाला, म्हणून तेथें पाहावयास जोतीं, कारंजीं आणि तट एवढेंच उरलें आहे. रिकाम्या जागेंत भूत लवकर शिरतें. याच्या उलट एका लहानशा फेरींत एका तरुण वाटाड्यानें आम्हांस कात्रजच्या नळाची वाट दाखविली. नानासाहेब पेशव्यांच्या काळांत कात्रजच्या तलावांतून दगडी नळानें पाणी शहरांत आणलें, तें वाड्यांत गेलें आणि वाटेवरच्या हौदांतून लोकांसही मिळालें. कोणत्या हौदावर कोणास पाणी भरतां येत असे आणि कोणास नसे, हा प्रश्न त्यानें स्वतः होऊन काढला. बारा माणसें होतीं. दोघीं बायका आपापसांत वाद घालूं लागल्या, आणि फेरी तासभर लांबली. असली फेरी आम्हांस हवी.

सर्वांत निर्मळ काम आम्हांस मोडीच्या वर्गांचें वाटतें, म्हणून त्यावर जरा अधिक लिहावेंसें वाटतें. मोडी ही टांक फारसा न उचलतां लिहावयाची लिपि. शब्द एकमेकांस चिकटलेले, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाहीं, विरामचिन्ह नाहीं. चिटणिशी वळण वाचतां आलें म्हणजे बिवलकरी वाचतां येईलच असा नेम नाहीं. छापखान्यानें बालबोध उचलली, शाळांनीं मोडी सोडली, आणि दोन-तीन पिढ्यांत असें झालें कीं आजोबांचें पत्र नातवास वाचतां येईना. पुण्याच्या पेशवे दप्तरांत कागदांचे हजारों रुमाल आहेत. त्यांतून वेंचून गोविंद सखाराम सरदेसायांनीं १९३० नंतरच्या थोड्या वर्षांत पंचेचाळीस भाग काढले, तो एकंदर संग्रहाचा कण मात्र होय. उरलेलें वाचणार कोण? २०२३ सालीं मराठवाड्यांतील कुणबी नोंदी शोधण्यासाठीं सरकारनें समिति नेमली, तेव्हां मोडी वाचणाऱ्यांची एकाएकीं चणचण भासूं लागली. जी विद्या कालपर्यंत हौशी पेन्शनरांची करमणूक समजली जात होती, तिच्यावर हजारों घरांचे दाखले येऊन टांगले. मंडळांनीं हे वर्ग चालू ठेवले नसते तर ही वेळ निभावली नसती. वर्गांत व्याख्यान नसतें, हार नसतो, समई नसते. विद्यार्थ्यानें स्वतः कागदाशीं झुंजावें लागतें, आणि एक ओळ लागली कीं त्याच्या तोंडावर जें येतें तें कोणत्याही सभागृहांत आम्हीं पाहिलेलें नाहीं. परंतु या वर्गांसही एक उणीव आहे. दहा-पंधरा दिवसांचा वर्ग होतो, प्रमाणपत्र मिळतें, आणि तेथेंच सोयरीक संपते. पुढें वाचण्यास कागद कोणी देत नाहीं. पोहणें शिकवावें आणि नदी दाखवूं नये, तसें हें झालें. मंडळांनीं या शिकलेल्या माणसांना आपल्या दप्तरखान्यांत दर आठवड्यास दोन तास बसवून घेतलें, तर किती रुमाल सुटतील याचा हिशेब चालकांनींच करावा.

येथें एका कडू प्रसंगाचा उल्लेख टाळतां येत नाहीं. ५ जानेवारी २००४ रोजीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला. शिवाजीमहाराजांविषयीं एका परदेशी ग्रंथकारानें लिहिलेल्या पुस्तकांतील मजकुरावरून तो क्षोभ होता; त्या पुस्तकांत संस्थेचे आभार मानलेले होते, तेवढें निमित्त झालें. ग्रंथ, हस्तलिखितें, कपाटें यांची नासधूस झाली. मजकूर निंद्य होता म्हणून पोथ्या फाडणें क्षम्य ठरत नाहीं, याविषयीं आमच्या मनांत तिळमात्र संदेह नाहीं. चार व्याख्यानें अधिक झालीं असतीं तर तें टळलें असतें, असें मानण्याइतके आम्ही भोळेही नाहीं. पण त्या दिवसानंतर आम्हीं ज्या सुशिक्षित घरांतून बोलणीं ऐकलीं, तेथें एक गोष्ट खटकली. संस्थेत नक्की काय आहे, तें कोणाच्या उपयोगाचें, हें सांगतां येणारीं माणसें त्या घरांतही फार थोडीं निघालीं. हळहळ सर्वांस वाटली. काय गेलें हें कोणासच सांगतां येईना. ज्या संस्थेचें दार लोकांनीं फक्त बाहेरूनच पाहिलें, तिच्या रक्षणास लोक धांवतील ही अपेक्षा कशाच्या बळावर करावी? आणि लोकक्षोभाच्या भीतीनें आपले कार्यक्रम केवळ गौरवपर ठेवावे, ही जी वृत्ति हल्लीं पुष्कळ मंडळांत दिसते, तिनें दार उघडत नाहीं; उलट त्यास तोरण लागतें आणि तें बंदच राहतें.

गेल्या वर्षीं आम्ही एका तालुक्याच्या गांवीं अशाच एका मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमास गेलों होतों. पाहुणे पाऊण तास उशिरां आले. दीपप्रज्वलन, स्वागत, परिचय, सत्कार, असें होत होत मुख्य भाषण सुरू झालें तेव्हां मागल्या रांगा जांभया देत होत्या. दाराशीं सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी गृहस्थ उभे होते; कांखेंत तांबड्या फडक्यांत बांधलेला गठ्ठा. आभार संपतांच त्यांनीं चिटणिसांस गांठून विचारलें, "साहेब, हें कोण वाचील?" चिटणीस वाईट मनुष्य नव्हता, पण पाहुण्यांच्या जेवणाच्या घाईंत होता. "आजोबा, आज जमायचं नाहीं. पुढच्या महिन्यांत या," असें म्हणून तो गाडीकडे धांवला.

आमच्याबरोबर मोडी जाणणारे एक स्नेही होते. म्हाताऱ्यांना आम्ही एस. टी. स्थानकाजवळच्या हॉटेलांत नेलें, टेबल पुसून घेतलें आणि गठ्ठा सोडला. घरांत पिढ्यानुपिढ्या असा समज कीं यांत पेशव्यांची सनद आहे. त्यांचा मुलगाही मागाहून येऊन बसला. बहुतेक कागद वाळवीनें गेलेले. एक मात्र धड होता. स्नेह्यांनीं वर्ष लावलें: इहिदे सबैन मया व अलफ. एक, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून सुहूर सन ११७१. हें वर्ष मृगापासून धरतात आणि त्यांत ५९९ मिळविले कीं इसवी सनाचा आरंभ निघतो, म्हणजे १७७० चा पावसाळा ते १७७१ चा उन्हाळा. थोरल्या माधवरावांची कारकीर्द. मुलगा सरसावून बसला. पुढें वाचतां वाचतां उलगडा झाला तो असा, कीं ती सनद नव्हे. वैशाखांतील एका लग्नाच्या खर्चाची याद. तांदूळ इतके मण, गूळ इतका, तूप इतकें, खण, वाजंत्री, कुंभार, शेवटीं सावकाराकडून काढलेली रक्कम आणि तिचें व्याज.

"एवढंच?" मुलगा म्हणाला आणि उठून बस पाहूं लागला.

म्हाताऱ्यांनीं मात्र ती याद दुसऱ्यांदा वाचवून घेतली. चहा निवून गेला. मग त्यांनीं बोटानें तांदुळाची ओळ दाखवून विचारलें, "हा मण केवढा धरायचा? आमच्याकडं लहानपणीं चार शेरांची पायली आणि बारा पायल्यांचा मण. म्हणजे अठ्ठेचाळीस शेर. वजनाचा मण म्हणाल तर चाळीसाचा. गुळाला वजन लावलं असेल, तांदुळाला माप. मग पंगतीला माणसं किती बसलीं?"

स्नेह्यांनीं आमच्याकडे पाहिलें आणि आम्हीं स्नेह्यांकडे. त्या परगण्याचें त्या काळचें माप कोणतें, हें आम्हां दोघांसही ठाऊक नव्हतें. कागदाची प्रत आम्हीं मोबाईलवर घेतली, त्यांचा पत्ता लिहून घेतला, आणि पुढल्या महिन्याच्या सभेंत हाच प्रश्न मांडावा असें तेथेंच ठरविलें. चिटणिसांस तसें पत्र गेलें आहे.